एका मताचे मेंबर

"विश्वनाथ, तू बस खाली. गिरिधर, तू सांग!"

या आवाजाला चाळीस वर्षं झाली होती. ज्या पंतोजींचा तो आवाज होता ते गेले, त्यांची छडी गेली, ती शाळाही गेली आणि तिच्या जागी तेलाची घाणी आली. पण आवाज मात्र विश्वनाथरावांच्या उजव्या कानात बिऱ्हाड करून राहिला होता. दाढीला साबण लावला की तो बोले. संध्येला डोळे मिटले की बोले. आणि तो बोलला, की नागपूरच्या महाल भागातल्या हायस्कुलाचा सत्तेचाळीस वर्षांचा हेडमास्तर मनातल्या मनात मांडी घालून खाली बसे, आणि सात वर्षांचा गिरिधर उभा राहून उत्तर देई. वाईट हे की, बरोबर देई!

तेव्हापासून जे सुरू झालं ते थांबलं नाही. मॅट्रिकला गिरिधर पहिला, विश्वनाथ दुसरा. गिरिधररावांना सीताबर्डीवरची शाळा मिळाली, तिच्या माथ्यावर घड्याळ. विश्वनाथरावांना महालातली मिळाली, तिच्या माथ्यावर पारवे. गिरिधररावांच्या परसातल्या संत्र्याच्या झाडाला बहर यायचा तो विश्वनाथरावांच्या झाडाच्या आठ दिवस आधी. बरं, झाडं एकाच माळ्यानं, एकाच दिवशी लावलेली! विश्वनाथरावांनी आपल्या झाडाला खत घातलं, पाणी बदललं, एकदा तर कोणी नाही असं पाहून त्याच्याशी चार कडक शब्दही बोलून पाहिले. झाड हललं नाही.

आणि अशातच, सन एकोणीसशे एकोणतीसच्या पौषात, बोर्डाचा कागद आला.

बोर्ड म्हणजे हायस्कूल शिक्षणाचं बोर्ड. मॅट्रिकची परीक्षा घेणारं, पुस्तकं ठरवणारं, पोरांना पास-नापास करणारं. त्याचे काही मेंबर हुद्द्यामुळे आपोआप येत, काही सरकार नेमी, काही युनिव्हर्सिटी पाठवी. आणि एक खुर्ची, फक्त एक, आमच्या भागातल्या सतरा हेडमास्तरांनी आपल्यातून भरायची असे. मतं टपालानं जायची. छापील कागद येई, त्यावर उमेदवारांची नावं. हवा त्याच्या नावापुढं फुली करायची, कागद लिफाफ्यात घालायचा, लिफाफा बोर्डात पाठवायचा. तीन वर्षांची मेंबरी!

"तारा!" विश्वनाथराव माजघरात येऊन गरजले. "लिहून ठेव! या खेपेला बोर्डावर तुझा नवरा!"

ताराबाई जात्यावर बसल्या होत्या. खुंटा न सोडता त्या म्हणाल्या, "कशानं लिहू? हात पिठाचे आहेत."

"थट्टा नको. गॅझेटात नाव छापून येईल. पुढं 'मेंबर' असं!"

"गिरिधरभावजी उभे आहेत का?"

"त्याचं नाव कशाला काढलंस? मी काय त्याच्यासाठी उभा राहून राहिलो? शिक्षणाच्या सेवेसाठी उभा राहून राहिलो!"

ताराबाईंनी मूठभर दाणे जात्यात सोडले. त्यांचं माहेर गाण्याचं. बोलायचं नसे तेव्हा त्या गात.

*बोर्डाची खुर्ची बाई, तिला पाय चार,*
*बसणारा एक गं, उभे राहणार फार…*

विश्वनाथरावांनी ओवीकडं दुर्लक्ष केलं. चौथ्या दिवशी उमेदवारांची यादी आली. नावं दोनच. इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानं लावलेली, म्हणून वरती गिरिधरराव आणि खाली विश्वनाथराव. वर्णमालासुद्धा त्याच्याच बाजूची!

मग विश्वनाथरावांनी कंबर कसली. ताराबाईंकडून तीन डबे सांबारवडी करून घेतली. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि सांबारवडी समोर आली की भले भले तत्त्वनिष्ठ लोक पाघळतात. डबे घेऊन ते टांग्यानं फिरले, रेल्वेनं फिरले, एकदा तर कापसाच्या गाडीवर बसून फिरले आणि अंगभर कापूस लागून परत आले.

सावनेरचे हेडमास्तर महादेवराव म्हणजे उंच, आडवे, दिलदार. बोलले की वर्गातल्या खिडक्यांच्या काचा शहारत.

"या, या विश्वनाथराव! बसा! हे काय, सांबारवडी? वयनींच्या हातची? वा!"

"महादेवराव, ते बोर्डाचं…"

"त्याची काहून फिकर करता? माझं मत तुमाले! तुमाले नाही त कोणाले? हात मिळवा!"

विश्वनाथरावांनी हात मिळवला. मन कसं हलकं झालं! निघताना सहज त्यांचं लक्ष टेबलाखाली गेलं. तिथं एक टोपली होती. टोपलीत संत्री होती. पिवळीधमक, आठ दिवस आधी पिकलेली!

"ही… ही कुणाकडली?"

"ही होय? गिरिधररावांनी आणली. काल येऊन गेले बिचारे. लय भला माणूस!"

विश्वनाथरावांचं तोंड भिवापूरच्या वाळल्या मिरचीसारखं लाल झालं. गाडीत बसल्यावर त्यांनी बोटांवर हिशेब केला. दहा हेडमास्तरांनी हात मिळवून शब्द दिला होता. पण त्या दहांपैकी दहांच्या घरी त्यांना संत्र्याची साल दिसली होती! एकाच्या ओसरीत, एकाच्या कपाटावर, आणि बाबारावांच्या तर दाढीत बी अडकलं होतं. म्हणजे हा हात माझ्या हातात आणि दुसरा त्याच्या! फुली कोणाच्या नावापुढं पडणार, हे कळायचं कसं?

विश्वनाथरावांना रात्रंदिवस एकच दिसू लागलं. सतरा बंद लिफाफे, आणि प्रत्येक लिफाफ्याच्या आत हसणारा गिरिधर.

आणि मग त्यांना ती युक्ती सुचली. सुचली तेव्हा ते आंघोळ करत होते. तांब्या डोक्यावर तसाच धरून ते ओरडले, "सही!"

"काय झालं?" ताराबाई धावत आल्या.

"काही नाही, काही नाही! फुलीच्या खाली सही करायला सांगतो सगळ्यांना. मतमोजणीला उमेदवाराला हजर राहता येतं. कागद टेबलावर पसरले की मी पाहून घेतो, कोण बोलल्याला जागला नि कोण संत्र्याला!"

"अहो, पण मत गुप्त असतं ना?"

"गुप्तच राहील! मी काय कोणाला सांगणार आहे?"

ताराबाई परत जात्याकडं वळल्या. तांब्यातलं पाणी मात्र विश्वनाथरावांच्या नाकात गेलं.

त्याच दिवशी त्यांनी सुवाच्य अक्षरात दहा पत्रं लिहिली. 'माझ्या नावापुढं फुली केल्यावर खाली आपली पूर्ण सही करावी. म्हणजे गैरप्रकार होणार नाहीत. आणि ही गोष्ट गिरिधररावांना अजिबात कळू नये.'

आता एक लक्षात घ्या. दुसऱ्या कोणाला असं पत्र आलं असतं तर त्यानं शंका काढली असती. पण हे हेडमास्तर! ज्यांच्या हाताखालून तीस तीस वर्षं बिनसहीचा कागद गेला नाही, मग तो रजेचा अर्ज असो, प्रगतिपुस्तक असो की धोब्याची यादी असो! खुणेखाली सही नाही म्हणजे त्यांना डोक्यावर पगडी नसल्यासारखं उघडं वाटे. पत्र वाचून दहाच्या दहा जणांना हायसं झालं. बाबाराव तर म्हणाले, "तरीच मी म्हणत होतो, या कागदावर काहीतरी कमी आहे!"

आणि बाबारावांच्या पोटात काही राहत नसे. त्यांनी ते उरलेल्या पाच जणांना सांगितलं. सांगताना प्रत्येकाला बजावलं, "गिरिधररावांना मात्र नाही हं!" पाचही जणांनी मान डोलावली आणि पाचही जणांनी आपापल्या कागदावर सही ठोकली. सोळा माणसांना कळलेली गोष्ट सतराव्याला कळली नाही, असं नागपुरात त्याआधी कधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही.

विश्वनाथरावांनी स्वतःचं मत देवघराचं दार लावून दिलं. फुली केली. खाली सही केली. सहीखाली एक रेघ मारली. रेघ इतकी सुरेख आली की त्यांनी आणखी एक मारली.

मोजणीच्या दिवशी बोर्डाच्या कचेरीत शहरातले सात-आठ हेडमास्तर जमले होते. महादेवराव खास सावनेरहून आले होते. बोर्डाचे सेक्रेटरीसाहेब म्हणजे वाळके, चष्मेवाले, नियमानं श्वास घेणारे गृहस्थ. टेबलाच्या एका अंगाला विश्वनाथराव, दुसऱ्या अंगाला गिरिधरराव. गिरिधररावांचा फेटा असा शुभ्र की विश्वनाथरावांना आपल्या पगडीची लाज वाटली आणि मग लाज वाटल्याचा राग आला.

पहिला लिफाफा फुटला. सेक्रेटरीसाहेबांनी कागद पाहिला. उलटा करून पाहिला. पुन्हा सुलटा केला. डाव्या हाताला ठेवला. दुसरा. डावीकडं. तिसरा. डावीकडं. चौथा, पाचवा, सहावा, सगळे डावीकडं!

डावं अंग म्हणजे विश्वनाथरावांचं अंग. ते बोटांवर मोजू लागले. सहा! सात! त्यांनी चोरून गिरिधररावांकडं पाहिलं. गिरिधरराव छताकडं पाहत होते. पाहा, पाहा! बस आता खाली!

दहावा डावीकडं गेला तेव्हा विश्वनाथरावांना राहवलं नाही. नम्र होऊन ते म्हणाले, "साहेब, हे सगळे… माझेच का?"

"हे सगळे रद्द," सेक्रेटरीसाहेब म्हणाले.

"रद्द? काहून?" महादेवराव गरजले. खिडकीची काच शहारली.

"सही आहे. नियम नववा. मत कोणाचं ते ओळखू येईल अशी कोणतीही खूण असली तर मत बाद. कागदाच्या पाठीमागं छापलेलं आहे." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आपण सगळे हेडमास्तर ना? मुलांना आपणच सांगता ना, की आधी दोन्ही बाजूंच्या सूचना वाचा?"

आठ हेडमास्तरांनी फरशीवरची आठ वेगवेगळी ठिकाणं पाहायला सुरुवात केली.

"एकावर तर शाळेचा शिक्का आणि तारीखसुद्धा आहे," साहेब पुढं म्हणाले. "एकावर शेरा आहे. 'बरा. अजून प्रयत्न हवा.' कोणाचं, ते मी सांगणार नाही. मत गुप्त असतं. पण महादेवराव, शिक्का फार जोरात मारलात, कागद फाटलाय."

महादेवराव आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. काय बोलले ते कळलं नाही.

अकरावा, बारावा, तेरावा. रद्द, रद्द, रद्द! सोळावा रद्द. विश्वनाथरावांच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. आपल्याच हातानं, आपल्याच सुवाच्य अक्षरात, आपणच आपली दहा मतं मारली! आता तो सतरावा उघडेल, आणि त्यातून तो एकच बाहेर येईल, नेहमी येतो तसा, पहिला!

साहेबांनी सतरावा कागद काढला. उलटा केला, सुलटा केला. आणि उजवीकडं ठेवला.

"सही नाही. शिक्का नाही. शेरा नाही. एक फुली, बस. ग्राह्य." त्यांनी घसा साफ केला. "श्रीयुत गिरिधरराव, शून्य. श्रीयुत विश्वनाथराव, एक. विश्वनाथराव निवडून आले."

खोलीत इतकी शांतता झाली की बाहेरच्या टांग्याच्या घोड्यानं कान झटकलेला ऐकू आला.

"एका मतानं?" बाबारावांनी विचारलं.

"ग्राह्य मतांपैकी सर्वांत जास्त ज्याला, तो निवडून आला, असा नियम आहे. किती कमी चालतील, ते नियमात नाही."

आलो! निवडून आलो! विश्वनाथरावांच्या अंगात पाऊस पडू लागला. चाळीस वर्षांचं वाळलेलं मन एका क्षणात हिरवं झालं. ते कचेरीच्या पायऱ्या उतरले ते हवेतच. खाली कडुनिंबाखाली सगळी मंडळी जमली आणि तिथं, त्या कडुनिंबाखाली, बाबारावांनी डोकं खाजवलं.

"सही तर मी केली होती."

"मीबी. शिक्का मारून!" महादेवराव म्हणाले.

"मीही केली." "मीही." "मीही."

"विश्वनाथराव, तुम्ही?"

"केली," विश्वनाथराव पुटपुटले. "दोन रेघा मारून."

"मग तो बिनसहीचा कागद कोणाचा?" बाबाराव बोटांवर मोजत होते. "सही करायचं न सांगितलेला माणूस तर एकच होता…"

सगळ्या माना एकदम वळल्या. गिरिधरराव कडुनिंबाच्या खोडाला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा फेट्याइतका पांढरा झाला होता.

"मी… म्हणजे असं आहे, की…"

"नका बोलू! एक शब्द नका बोलू!" महादेवरावांनी झेप घेऊन त्यांना मिठी मारली. गिरिधररावांचे पाय जमिनीवरून सुटले. "हा पाहा माणूस! सोता उभा राहिला, अन् मत कोणाले देल्लं? समोरच्याले! अरे, ह्याले म्हणतात दिल!"

"माझं ऐकून तर घ्या—"

"पाहा, पाहा, विनय पाहा!" बाबारावांच्या डोळ्यांत पाणी आलं. संत्र्याचं बी अजून दाढीतच होतं.

गिरिधररावांनी एकदा विश्वनाथरावांकडं पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

विश्वनाथरावांच्या अंगातला पाऊस तिथंच थांबला.

मग काय झालं ते विचारू नका! आठवड्याच्या पत्रात बातमी आली. मथळा होता 'सीताबर्डीवरील त्यागमूर्ती', आणि विश्वनाथरावांचं नाव सातव्या ओळीत, तेही अर्धं पुसलेलं. गिरिधररावांच्या शाळेत लोक त्यांना पाहायला येऊ लागले. आई-बाप पोरांना घेऊन जात आणि फाटकातून दाखवत, "तो पाहा, तो फेटेवाला. त्यानं आपल्या वैऱ्याला मत दिलं." वैरी म्हणजे कोण, तर विश्वनाथराव!

विश्वनाथरावांचा सत्कार महालातल्या राममंदिरात ठेवला. सत्कार यांचा, पण झेंडूचा हार यांना आणि गुलाबाचा गिरिधररावांना. शाल एकच आणलेली होती, ती गिरिधररावांच्या खांद्यावर गेली. चार वक्ते झाले. प्रत्येकजण दोन वाक्यं नव्या मेंबरांवर बोले आणि वीस मिनिटं गिरिधररावांवर. गिरिधरराव मान खाली घालून बसले होते. एकदा ते उठले आणि म्हणाले, "मंडळी, मला एक खरी गोष्ट सांगायची आहे…" तर टाळ्यांचा असा कडकडाट झाला की गाभाऱ्यातली वटवाघळं बाहेर आली. गिरिधरराव पुन्हा बसले.

"दोन शब्द, विश्वनाथराव!" अध्यक्ष म्हणाले.

विश्वनाथराव उठले. "मी… गिरिधररावांचा… ऋणी आहे." कच्चं कारलं चावावं तसे ते शब्द त्यांनी चावले.

घरी आले तो शेजारच्या चार बाया ओसरीवर बसलेल्या आणि मधोमध ताराबाई, डोळे मिटून.

*सोन्याचं काळीज गं मास्तर गिरिधराचं,*
*आपुलं ताट दिलं, नाही पाहिलं घराचं…*

"तारा! तूसुद्धा?"

"चाल छान बसली हो," ताराबाई म्हणाल्या. "तुमच्यावरही जुळवत होते, पण 'विश्वनाथ' ओवीत बसत नाही. लांब होतं."

विश्वनाथराव जेवले नाहीत. आजवर गिरिधरचा हेवा करताना निदान एक समाधान होतं. त्याच्याजवळ बुद्धी असेल, घड्याळ असेल, संत्री असतील, पण मन? मन आपलं मोठं, असं ते स्वतःला सांगत. आता तेही गेलं! आणि ज्या खुर्चीत बसून गिरिधरला खाली बसलेला पाहायचं होतं, ती खुर्चीच त्यानं उचलून दिलेली!

बोर्डाच्या पहिल्या बैठकीला ते नवी पगडी घालून गेले. दाराशी अध्यक्षांनी स्वतः हात पुढं केला. "या, या! आपलीच वाट पाहत होतो. आपण म्हणजे ते… गिरिधररावांचे ना?"

बैठक दोन तास चालली. विश्वनाथरावांना त्यातलं इतकंच ऐकू आलं. गिरिधररावांचे!

घरी येताच त्यांनी दौत पुढं ओढली आणि राजीनामा लिहिला. लिहून होताच पगडी न उतरवता सीताबर्डीकडं निघाले. राजीनामा बोर्डात पाठवण्याआधी त्याला दाखवायचा, तोंडावर विचारायचं, की का केलंस? दया आली म्हणून? मोठेपणासाठी? आणि मग खुर्ची त्याच्या पायाशी टाकून परत यायचं. दिवस मावळतीला लागला होता. तलावावरून बगळ्यांची रांग घरी चालली होती, एक बगळा पुढं, बाकीचे मागं. त्या पुढच्या बगळ्याचाही विश्वनाथरावांना राग आला.

दार गिरिधररावांच्या पत्नीनं, चारुलताबाईंनी उघडलं.

"बरं झालं आलात, भावजी! समजावा जरा त्यांना. घास उतरत नाही घशाखाली. कोणी हार घेऊन आलं की परसदारानं पळतात. काल तर संत्र्याच्या झाडावर चढून बसले होते!"

गिरिधरराव परसात झाडाखाली बाजेवर बसले होते. फेटा नव्हता. चार आठवड्यांत त्यांचा चेहरा पिळून टाकलेल्या संत्र्यासारखा झाला होता. विश्वनाथराव दिसताच ते दचकून उठले आणि पुन्हा बसले.

"हे घे," विश्वनाथराव म्हणाले. "राजीनामा. तुझी खुर्ची तुला परत. मला नको तुझी भिक्षा!"

"विश्वनाथ, फाड तो कागद."

"नाही फाडत! आधी सांग, का दिलंस मला मत? सांग!"

"बस तर खरं. पाणी घे."

"बसणार नाही! गावभर तुझ्या ओव्या गातात, गिरिधर. माझ्या घरात, माझ्या जात्यावर! माझ्या बायकोच्या गळ्यातून! बोर्डाचा अध्यक्ष मला तुझ्या नावानं ओळखून राहिला! का केलंस? काहून?"

गिरिधररावांनी आजूबाजूला पाहिलं. चारुलताबाई आत गेल्या होत्या. मग त्यांनी पुढं होऊन विश्वनाथरावांच्या हातातला राजीनामा हळूच काढून घेतला, त्याचे दोन तुकडे केले, दोनाचे चार केले. दोघेही रागावले किंवा रडवेले झाले, की त्यांची पुस्तकी भाषा गळून पडे आणि लहानपणीची, आट्यापाट्या खेळतानाची बोली वर येई. आता ती गिरिधररावांच्या तोंडात आली.

"तुले काय वाटते? हेवा काय तुले एकट्यालेच करता येते?"

"म्हंजे?"

"तुझ्या शाळेतली पोरं तुले पाहून धावत येतात. माझी मले पाहून भिंतीले चिकटतात. तारावहिनी गातात. माझ्या घरात कोणी गात नाही. तू रागावतो, भांडतो, घरी जाऊन विसरतो. मी हसतो आणि आतल्या आत कुढतो. सगळ्यांनी मले सांगितलं, या खेपेला विश्वनाथच येणार. गावोगाव संत्री वाटत हिंडलो मी! काही उपयोग होणार नाही, ते ठाऊक होतं."

"गिरिधर…"

"थांब. चार आठवडे झाले, कोणी मले बोलू देऊन नाही राहिलं, आता तू तरी बोलू दे." गिरिधररावांनी डोळे पुसले. "मतपत्रिका समोर आली. सूचना कोण वाचते गा? तीस वर्षं दुसऱ्याले वाचायले लावल्या! पाहिली दोन नावं. आपण पोरांचे पेपर तपासतो तेव्हा बरोबर उत्तराले कधी हात लावतो काय? तसंच सोडतो. चुकीचं दिसलं, का त्याच्यावर फुली. मी माझं नाव तसंच सोडलं. मग खाली तुझं नाव दिसलं, अन् माझ्या हातानं जे तीस वर्षं केलं तेच केलं. दोनदा गिरवून केलं!"

विश्वनाथराव बाजेच्या काठावर केव्हा बसले ते त्यांनाही कळलं नाही.

"मी तुले मत देल्लंच नाही, विश्वनाथ," गिरिधरराव म्हणाले. "मी तुले काटलं होतं गा!"